मॅडम, एमएलसी करू नका

बंधपत्राच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या वर्षात माझ्याकडची सगळ्यात जास्त झिजलेली वस्तू म्हणजे शाळेच्या कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी. स्टेथोस्कोप गळ्यात, पट्टी एप्रनच्या खिशात. रात्री दोन वाजता कुणाचं तरी डोकं फुटलेलं असायचं, दोन्हीकडचे लोक कॅज्युअल्टीच्या दारात एकमेकांच्या सात पिढ्या काढत असायचे, आणि मी त्या डोक्याला पट्टी लावून वाचत असायचे: साडेचार बाय एक. सिस्टर लिहून घ्यायच्या.

न्यायवैद्यकशास्त्र हा एमबीबीएसला आम्ही परीक्षेआधी आठ दिवस वाचलेला विषय. तोंडी परीक्षेत मला गंभीर दुखापतीचे आठ प्रकार विचारले होते, सहा आले. त्या राहिलेल्या दोनांनी पुढे वर्षभर सूड उगवला. २०२२च्या सुरुवातीला मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू झाले. तीस खाटा, रात्रपाळीला एक डॉक्टर, एक सिस्टर, एक मामा. मामा म्हणजे कक्षसेवक. नोकरीची सव्वीस वर्षं झालेले, आणि रुग्ण आत यायच्या आधी नुसत्या आवाजावरून ‘मॅडम, एमएलसी यायलीय’ असं सांगणारे.

एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, गावच्या भाषेत ‘पोलीस केस’. मारहाण, भाजणं, विष पिणं, गाडीचा अपघात, आमच्याकडे सापसुद्धा. अशा रुग्णाची एका वेगळ्या जाड रजिस्टरात नोंद होते, त्याला क्रमांक पडतो आणि पोलिसांना कळवावं लागतं. रुग्ण दोन वाटांनी येतो. एक तर आधी ठाण्यात जातो आणि पोलीस त्याला ‘यादी’ देऊन आमच्याकडे पाठवतात. यादी म्हणजे तपासून अहवाल द्या असं पत्र. नाही तर तो थेट आमच्याकडे येतो आणि मग कळवायचं काम आमचं. ठाण्यात फोन लावायचा, ठाणे अंमलदाराचं नाव आणि बक्कल नंबर विचारायचा, फोनची वेळ रजिस्टरात टाकायची, आणि लेखी पत्र मामांच्या हाती पाठवून कार्यालयीन प्रतीवर पोच घ्यायची. पोच आणायला मामा कंटाळायचे. ‘फोन झालाय की मॅडम.’ पण फोनला पुरावा नसतो, हे मला आमच्या अधीक्षकांनी पहिल्याच आठवड्यात दरडावून शिकवलं होतं.

एमएलसी झाली म्हणजे गुन्हा दाखल झाला, असं रुग्णालाही वाटतं, नातेवाइकांनाही वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. आम्ही फक्त कळवतो. तक्रार द्यायची की नाही ते जखमी माणसाने ठरवायचं, गुन्हा नोंदवायचं काम पोलिसांचं. पण हे रात्री दोन वाजता कुणाला समजावून सांगणार?

जूनमधली एक रात्र. मृग लागलेला, पेरणी तोंडावर आलेली. आमच्याकडे भावकीची डोकी फुटायचा हंगाम हाच. वर्षभर बांध जिथल्या तिथे असतो, पण पाळी घालताना कुणाचा तरी वखर वीतभर आत सरकतो आणि मग निघतात काठ्या. त्या रात्री सख्ख्या चुलत भावांची दोन टोळकी आली, एक जीपमधून आणि एक १०८मधून. जीपवाल्यांचा जखमी आधी गावातल्याच एका खाजगी दवाखान्यात नेला होता. तिथे ‘पोलीस केस आहे, सरकारीत न्या’ म्हणून दारातूनच परत लावला, साधी पट्टीही न बांधता. डोक्यावर धुवट धोतराचा बोळा धरून माणूस पाऊण तास फिरत होता.

हे बघितलं की माझं डोकं फिरतं. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात हेच निकालात काढलं होतं. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं, जवळच्या रुग्णालयाने ‘आम्ही मेडिको-लीगल घेत नाही’ म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाची वाट दाखवली, आणि तो वाटेतच गेला. न्यायालयाने सांगितलं की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. डॉक्टर सरकारी असो की खाजगी. या निकालालाही आता पस्तीस वर्षं उलटून गेली. तरी ‘पोलीस केस’ हे दोन शब्द कानावर पडले की कित्येक ठिकाणी शटर अर्ध्यावर येतं. कायद्याची भीती नसते ती. साक्षीला खेटे घालावे लागतील, दवाखान्यात पोलीस येऊन बसतील, याची असते. ती भीती अगदी खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पुढे मलाही खेटे घालावे लागले. पण बोळा धरून आलेल्या माणसाला टाके घालायला यादी लागत नाही.

टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मग लिहायला बसले. नाव, वय, गाव, कुणी आणलं, किती वाजता आणलं. मग ओळखीच्या दोन खुणा. हा रकाना सगळ्यात विनोदी. अंगावर कुठे तीळ आहे का, जुना व्रण आहे का, असं विचारलं की जखमी माणूस भडकतो. ‘वळख कशाला पायजे? समदा तालुका वळखतोय मला!’ शेवटी त्याच्या गालावरचा तीळ मीच शोधला.

आणि मग खरी गंमत सुरू झाली. जीपवाल्यांचा एक शिकलेला पुतण्या माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘मॅडम, कुऱ्हाडीचा मार हाय. तीनशे सव्वीस बसंल असं लिव्हा.’ तीनशे सव्वीस म्हणजे तेव्हाच्या दंड संहितेतलं घातक शस्त्राने गंभीर दुखापत केल्याचं कलम. तिकडून दुसऱ्या बाजूचे एक आजोबा कागदात गुंडाळलेला दात घेऊन उभे. ‘दात पाडलाय, बगा.’ दात किंवा हाड मोडलं की दुखापत ‘गंभीर’ होते. आठ प्रकारांतला हा सातवा, आणि खेड्यापाड्यांत हे कायद्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त लोकांना पाठ आहे. आजोबांच्या तोंडात बघितलं. हिरड्या पायरियाने कधीच्या सुटलेल्या, उरलेले चार दात जिभेने हलत होते, आणि जिथला दात पडला म्हणत होते तिथली हिरडी गुळगुळीत, ना रक्त ना सूज. तो दात त्या रात्रीचा नव्हता. त्याच वर्षीचा तरी होता की नाही, देव जाणे. ‘दाताच्या खाचेत ताजी जखम नाही’ असं लिहिलं. आजोबांनी दात परत कागदात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवला, बहुधा पुढच्या भांडणासाठी.

कुऱ्हाडीचं प्रकरण जरा अवघड होतं. डोक्याची कातडी थेट हाडावर ताणलेली असते, त्यामुळे काठीच्या माराने फुटली तरी जखमेच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ दिसतात. नवखा डॉक्टर बिनदिक्कत ‘धारदार शस्त्राची जखम’ लिहून मोकळा होतो. जखम धुऊन कडा फाकवून बघायच्या, जमलं तर भिंगातून. कडा जराशा ठेचलेल्या असतात, केसांची मुळं चिरडलेली असतात आणि तळाशी पेशींचे बारीक धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत तसेच ताणलेले दिसतात. पात्याने कापलं असतं तर ते धागेही कापले गेले असते. मी टाके घालण्याआधी बघितलं होतं, आमच्या चष्मा लावणाऱ्या सिस्टरांनीही बघितलं होतं. ‘कठीण व बोथट वस्तूने’ असं लिहिलं. पुतण्या म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या एका शब्दानं केस पडते बगा.’ पंधरा मिनिटांत एका पुढाऱ्याचा फोन आला. फार गोड बोलले. आमच्या भागात मुलीबाळींनी नोकरी करायची म्हणजे धाडसच, असंही म्हणाले. मी ‘हो सर, हो सर’ करत राहिले आणि कागदावर बोथट तसंच ठेवलं. हात थरथरत होता, हे कबूल करायला हरकत नाही.

त्या थरथरत्या हातानेच एक चूक झाली. त्या माणसाचं डोक्याबरोबर कोपराखालचं हाडही मोडलं होतं. रजिस्टरात लिहिलं ‘लेफ्ट’. दोन दिवसांनी एक्स-रे आल्यावर जखमी प्रमाणपत्र भरताना लिहिलं ‘राइट’. मग चूक लक्षात आल्यावर घाईत त्याच अक्षरांवर पेन गिरवून ‘लेफ्ट’ केलं. अधीक्षकांनी बघितलं तेव्हा प्रमाणपत्राची पोलिसांची प्रत निघून गेली होती. ते ओरडले नाहीत, त्यापेक्षा वाईट काहीतरी केलं. स्वतःच्या खिशातलं पेन काढून एका कोऱ्या कागदावर मला शिशुवर्गासारखं दाखवलं. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ. खालचा शब्द वाचता आला पाहिजे. वर नवा शब्द, बाजूला सही आणि तारीख. ‘गिरवायचं नाही. गिरवलं की लपवलं असं होतं.’

ऑगस्टच्या शेवटी पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासू आणि नवरा मिळून एका बाईला घेऊन आले. तिशीच्या आतली. डावा हात पदरात धरलेला. ‘पायरीवरून पडली,’ सासूने सांगितलं. मी बाईकडे बघून विचारलं, उत्तर परत सासूचंच. नवरा दारात उभा, मोबाइलमध्ये मान घालून.

पडताना माणूस हात टेकतो. टेकलेल्या हाताचं मोडतं ते मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड. हिची सूज करंगळीच्या बाजूला होती, बरोबर मनगट आणि कोपर यांच्या मध्यावर. डोक्यावर येणारा दांडका अडवायला हात आडवा वर केला की नेमकं तिथे बसतं. इंग्रजीत या मोडीला रात्रपाळीच्या पोलिसाच्या दंडुक्यावरूनच नाव पडलंय, नाइटस्टिक फ्रॅक्चर. एक्स-रे टेक्निशियन दिवसाचाच असल्यामुळे फोटो दुसऱ्या दिवशी निघणार होता, पण मला तेव्हाच पुरेसं कळलं होतं.

सासूला बाहेर कसं काढायचं हे सिस्टरांना ठाऊक होतं. ‘लघवी तपासायची आहे,’ म्हणून त्या बाईला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, मागून मी. पोलका सरकवला. पाठीवर दोन समांतर लाल रेघा, मधली पट्टी कोरी, आगगाडीच्या रुळासारख्या. गोल दांडा जोरात बसला की रक्त दोन्ही कडांना ढकललं जातं आणि असा वळ उठतो. पायरी असे रूळ काढत नाही. दंडावर आणखी डाग होते, हिरवट आणि पिवळसर. ते त्या दिवसाचे नव्हते, आठवडाभर तरी जुने. वळाच्या रंगावरून दिवस मोजणं पुस्तकात दिसतं तितकं सरळ नसतं, सावळ्या कातडीवर तर नाहीच. पण ताजा लाल आणि जुना पिवळा यांतला फरक कुणालाही दिसतो.

मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, ‘मॅडम, एमएलसी करू नका.’

का, हेही तिनेच सांगितलं. ‘ह्यांना नेतेल, दोन दिवसांत सोडतेल. मग घरात मीच हाय की.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही फारसं नाही. जूनमधल्या लोकांना माझ्याकडून होतं त्याच्यापेक्षा जास्त लिहून हवं होतं. हिला काहीच लिहायला नको होतं. आणि हिच्याच अंगावर जास्त लिहिण्यासारखं होतं.

नंतर, बंधपत्र संपल्यावर, मी मुद्दाम कायदा काढून वाचला. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३९व्या कलमात एक यादी होती, कोणकोणते गुन्हे माहीत झाले तर प्रत्येक नागरिकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे, याची. त्यात खून होता, दरोडा होता, अन्नातली भेसळ होती, पाच जणांचा बेकायदा जमाव आणि दंगा होता. म्हणजे बांधावरची मारामारी सहज बसत होती. नवऱ्याने बायकोचा हात मोडला तर ते त्या यादीत नव्हतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३३वं कलम म्हणजे जवळपास तीच यादी नव्या आकड्यांनी. मग आम्ही सरसकट सगळ्या मारहाणीची एमएलसी करतो ती कशाच्या जोरावर? रुग्णालयाचा शिरस्ता, वरून आलेली परिपत्रकं, आणि उद्या बाई मेली तर ‘डॉक्टरने का कळवलं नाही’ हा प्रश्न. त्या रात्री मला यातलं काही माहीत नव्हतं. शिकवलेलं एवढंच होतं की संशय आला तर एमएलसी करायची, रुग्णाची परवानगी लागत नाही.

मी केली. तिला म्हणाले, कळवणं माझं काम आहे, ते मी करणार. तक्रार द्यायची की नाही ते तुमचं, आणि नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. तेही मी लिहीन. हे केंद्र सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत सांगितलेलं आहे, समजून-उमजून दिलेला नकार लिहून घ्या म्हणून. सिस्टर एका प्रशिक्षणात ते ऐकून आल्या होत्या आणि त्यांनी तो नियम आमच्याकडे सगळ्याच बायकांना लावून टाकला होता. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, मारहाण झालेल्या बाईला रुग्णालयातच बसून बोलता यावं म्हणून. आमच्या तीस खाटांत दिलासा म्हणजे या सिस्टर.

केस पेपरवर मी लिहिलं: रुग्णाच्या सांगण्यानुसार पायरीवरून पडली. त्याखाली सगळ्या जखमा, मोजून, रंगासकट. त्याखाली: जखमा सांगितलेल्या हकिकतीशी जुळत नाहीत. आणि शेवटी तिच्या अक्षरात एक ओळ, ‘मला पोलिसात तक्रार द्यायची नाही.’ उजव्या हाताने तिने सावकाश सही केली. सातवीपर्यंत शिकले, असं म्हणाली.

सकाळी हवालदार आले जबाब घ्यायला. मी ओपीडीत होते, समोर ऐंशी पेपर. जबाब झाला तेव्हा सासू खाटेच्या दांडीला धरून उभी होती, हे मला दुपारी मामांनी सांगितलं. पाय घसरून पडले, कुणावर संशय नाही, तक्रार नाही. हवालदारांनी त्यांचं काम केलं. सासूला बाहेर काढायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नाही. दुसरी चूक मला वर्षभराने कळली. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली २००६चे नियम आहेत. अशी बाई रुग्णालयात आली आणि तिचा घटना अहवाल आधी भरलेला नसेल, तर रुग्णालयाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. पोलिसांपेक्षा वेगळी वाट होती ती, कदाचित तिला चालली असती. तो नमुना आमच्या रुग्णालयात कुठल्याच कपाटात नव्हता, आणि मी मागितलाही नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा असा घुटमळत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं आणि कळवलं नाही, तर पॉक्सोखाली डॉक्टरलाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘अत्याचार’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते एक, आणि आमच्या ओपीडीत यायचं ते दुसरं: हातभर हिरव्या बांगड्या, सोबत आई आणि सासू, पाच महिन्यांची गरोदर, आधार कार्डावर वय सोळा. मी कळवलं. नवरा एकवीसचा होता, त्याला उचललं. मुलीची आई व्हरांड्यात उभी राहून मला तळतळाट देत होती, आणि मुलगी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. पुढे आशाताई म्हणाल्या, त्या वस्तीवरच्या कमी वयाच्या पोरी आता तपासणीला येत नाहीत, घरीच बाळंत होतेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये निदान एवढं केलं की अशी मुलगी गर्भपातासाठी आली तर तिची आणि घरच्यांची इच्छा असेल तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव सांगायची गरज नाही. बाळ ठेवणाऱ्या पोरीला ती सवलत नाही. याच्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

जूनच्या त्या भांडणाचं समन्स आलं २०२५मध्ये. मी तोवर पदव्युत्तर शिक्षणाला तीन जिल्हे पलीकडे. ठाण्यातून फोन आला, मग मोबाइलवर समन्सचा फोटो. पहाटेच्या एसटीने गेले. मधल्या काळात १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली होती, ३२६चं ११८ झालं होतं, वीस दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत की गंभीर, ते पंधरावर आलं होतं. पण घटना जुनी, म्हणून खटला जुन्याच कलमाखाली. मी बोथट लिहूनही पोलिसांनी फिर्यादीच्या सांगण्यावरून कुऱ्हाड आणि ३२६ कायम ठेवलं होतं.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दोन्ही टोळकी एकाच बाकावर चहा पीत बसलेली. मला वाटलं, ओळखायला चुकले. पुतण्या उठून आला, पाया पडला. ‘मिटलं मॅडम आमचं. पोरीची सोयरीक झाली ना त्यांच्या मेहुण्याकडं.’ मग मला कशाला बोलावलं? तर ३२५, म्हणजे घातक शस्त्राशिवायची गंभीर दुखापत, असतं तर कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली असती, ३२६ला ती सोय नाही. म्हणजे मी जे लिहिलं होतं तेच त्यांनी त्या रात्री मान्य केलं असतं तर... जाऊ दे. साक्षीदार एकेक करून फितूर झाले. अंधार होता, कुणी मारलं दिसलं नाही. फिर्यादीही म्हणाला, दिसलं नाही. मागे एकटी मी राहिले, माझ्या रजिस्टरासकट.

दुपारी साडेतीनला पुकारा झाला. सरकारी वकिलांनी दहा मिनिटांत उरकलं. मग आरोपींचे वकील उठले. कुऱ्हाडीबद्दल त्यांना माझ्याकडून जे हवं होतं ते सगळं कागदावर आधीच होतं, तरी त्यांनी ते धागे, कडा, केसांची मुळं तीन-तीनदा वदवून घेतलं. मी खूश होते. मग त्यांनी प्रमाणपत्र उचललं.

‘मॅडम, हात कुठला मोडला होता?’

‘डावा.’

‘इथे उजवा लिहिलाय. आणि तुमच्या प्रतीवर काहीतरी गिरवलंय. तुम्हाला डावं-उजवं कळतं ना?’

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशसाहेबांनी खाली मान घातली. जखमी स्वतः साक्षीदारांच्या बाकावर बसला होता, त्याने मदत म्हणून आपला डावा हात वर केला. वकील म्हणाले, ‘तुम्ही खाली करा हो हात.’ मी सांगितलं, चूक माझी आहे, एक्स-रे डाव्याचा आहे, क्रमांकासकट जोडलेला आहे. ‘म्हणजे हे प्रमाणपत्र चुकीचं आहे?’ त्या एका शब्दापुरतं, हो. ते माझ्या जबाबात तसंच टाइप झालं. त्या खटल्याचा निकाल काय लागला असेल हे सांगायला वकील लागत नाही. परतीच्या एसटीत मला राहून राहून अधीक्षकांनी कोऱ्या कागदावर मारलेली ती सरळ रेघ आठवत होती.

पोळ्याच्या त्या बाईचं समन्स मला कधी आलं नाही. पण ती आली होती, त्याच वर्षी, वसुबारसेच्या आदल्या दिवशी. दिवाळीला माहेरी निघालेली, भाऊ बाहेर मोटारसायकलवर थांबलेला. प्लॅस्टर निघालं होतं, हात जरा बारीक दिसत होता. तिने सिस्टरांना नाव सांगितलं, तारीख सांगितली, आणि म्हणाली, त्या दिवशी माझ्याबद्दल काय लिहिलंय ते पाहिजे.

अर्ज लिहून दिला, लिपिकाने शोधून काढलं, झेरॉक्स काढून आणली. ती माझ्यासमोर स्टुलावर बसून बोट ठेवून ठेवून वाचत होती. इंग्रजी शब्द मला विचारले. रुळासारख्या रेघांपाशी थांबली. ‘हे पाठीवरचं?’ हो. मग तिच्या स्वतःच्या ओळीपाशी आली, मला पोलिसात तक्रार द्यायची नाही.

‘ही वळ खोडता येती का?’

नाही येत, म्हणाले. पण आजच्या तारखेला दुसरा पेपर काढता येतो. तुम्ही आज काय सांगता ते आज लिहिता येतं.

सिस्टरांनी नवा पेपर काढला, दार लोटून घेतलं. तिने सांगितलं आणि मी मराठीतच लिहिलं, तिच्या शब्दांत: त्या दिवशी सासू जवळ होती म्हणून पडले असं सांगितलं. दारू पिऊन आले होते. बैलाला ओवाळायला नारळ आणला नाही यावरून भांडण झालं. काठीने डोक्यात मारायला लागले तेव्हा मी हात वर केला. याआधीही मारलं आहे. पान भरलं. मग तिला मोठ्याने वाचून दाखवलं, शब्द न् शब्द, कारण सही करायच्या आधी तसं करायचं असतं.

ती मान हलवत ऐकत होती. एका ठिकाणी तिने हात आडवा केला, तोच, डावा.

‘काठी नाही मॅडम. पराणी होती. बैलाची.’

मी ‘काठीने’वर एकच सरळ रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी. वर लिहिलं, पराणीने. बाजूला सही केली, तारीख टाकली, आणि पेपर तिच्याकडे सरकवला.